क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहाजाचा ड्रेस कोड नेमका कुठे लिहिलेला असतो?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. अख्ख्या जहाजाला मिळून एकच ड्रेस कोड नसतो. तो त्या संध्याकाळचा आणि त्या रेस्टॉरंटचा असतो. एकाच रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये लोक सूट आणि गाऊन घालून बसलेले असतात, तर वरच्या डेकवरच्या बुफेत कुणी टी-शर्टवर जेवत असतं, आणि दोघांचंही बरोबर असतं. त्यामुळे "या क्रूझवर काय घालतात?" एवढं विचारून भागत नाही. "कोणत्या रात्री, कुठे जेवणार?" हे आधी ठरवा.

माहिती तीन ठिकाणी मिळते. कंपनीच्या वेबसाइटवर सर्वसाधारण नियम असतो. बुकिंग झाल्यावर मेलमध्ये किंवा ॲपमध्ये तुमच्या सफरीतल्या खास रात्रींचा उल्लेख बहुधा येतो. आणि जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रकात त्या संध्याकाळचा पोशाख लिहिलेला असतो. तिन्हींत फरक पडला तर शेवटचं खरं माना. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून बॅग भरू नका. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी हे नियम सैल केले आहेत आणि नावंही बदलली आहेत.

'फॉर्मल', 'एलिगंट', 'चिक', 'स्मार्ट कॅज्युअल' यांत फरक काय?

प्रत्येक कंपनीची नावं वेगळी, पण पायऱ्या तीनच.

सगळ्यात वर फॉर्मल किंवा गाला. पुरुषांसाठी टक्सिडो (बो टायबरोबर घालायचा काळा समारंभी सूट) किंवा टायसह गडद सूट, स्त्रियांसाठी गाऊन किंवा कॉकटेल ड्रेस. मधली पायरी म्हणजे 'एलिगंट', 'चिक', 'ड्रेसी' वगैरे. इथे कॉलरचा शर्ट आणि चांगली पँट पुरते, कोट घातलात तर उत्तम, टाय ऐच्छिक. स्त्रियांसाठी ड्रेस, किंवा चांगला टॉप आणि स्कर्ट अथवा पँट. तिसरी पायरी स्मार्ट कॅज्युअल किंवा नुसतं कॅज्युअल. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये मित्रांबरोबर जेवायला जाताना जे घालाल, ते इथे चालतं.

कार्निव्हल या क्रूझ कंपनीची 'क्रूझ एलिगंट' आणि सेलिब्रिटी या कंपनीची 'इव्हिनिंग चिक' या मधल्या पायरीवरच्या रात्री आहेत. नाव ऐकून दडपून जाऊ नका.

सात रात्रींच्या सफरीत अशा किती रात्री असतात? कधी?

बहुतेक मोठ्या कंपन्यांवर दोन. कार्निव्हलवर 2 ते 5 दिवसांच्या सफरीत एक एलिगंट रात्र असते, 6 दिवस किंवा जास्त असतील तर दोन. दोन आठवड्यांच्या सफरीत साधारण तीन धरा.

त्या बहुतेक वेळा जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी ठेवतात. कारण साधं आहे. बंदरावर उतरलेले लोक उशिरा, घामाघूम होऊन परततात आणि त्यांना तयार व्हायला वेळ उरत नाही. पहिली रात्र सहसा वगळतात, कारण तोवर अनेकांच्या बॅगा केबिनपर्यंत पोचलेल्या नसतात. शेवटची रात्रही वगळतात, कारण त्या संध्याकाळी बॅगा भरून बाहेर ठेवायच्या असतात. म्हणून सफरीचा मार्ग पाहून तुम्हालाही बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. दुसरा दिवस समुद्रातला असेल, तर पहिली खास रात्र बहुधा त्याच दिवशी.

कोणत्या कंपन्या कडक, कोणत्या सैल?

मोठ्या नावांत सगळ्यात कडक क्युनार्ड. तिथे संध्याकाळी 6 नंतर जहाजाच्या बहुतेक भागांत पोशाखाचा नियम लागू होतो, आणि गाला रात्री पुरुषांकडून टक्सिडो किंवा बो टाय अथवा टायसह गडद सूट अपेक्षित असतो. क्युनार्डच्या क्वीन मेरी 2 या जहाजाच्या साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अटलांटिक सफरीला जाणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. तिथे नटणं हाच सफरीचा अर्धा आनंद असतो आणि सहप्रवासी खरोखर नटून येतात. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी त्या जहाजावर किंग्ज कोर्ट बुफेसारख्या मोजक्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. त्यांनी 2000 साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली आणि सक्तीच्या फॉर्मल रात्री काढून टाकल्या. ज्यांना हौस आहे ते एका रात्री नटतात, बाकीचे नेहमीच्या कपड्यांत. व्हर्जिन व्हॉयेजेसवरही फॉर्मल रात्र नसते, 'स्कार्लेट नाइट'ला मात्र सगळे लाल घालतात. ओशनिया आणि व्हायकिंगच्या समुद्री सफरींवर फॉर्मल रात्र नाही, पण संध्याकाळची एक नीटनेटकी पातळी रोजच पाळतात. ध्रुवीय प्रदेशातल्या लहान मोहीम-जहाजांवर स्वेटर आणि साधी पँट हाच बहुतेकांचा जेवणाचा पोशाख असतो. तिथे सूट नेलात तर तो बॅगेतच राहील.

पुरुषांना टक्सिडो लागतोच का?

नाही. गडद सूट सगळीकडे पुरतो, अगदी क्युनार्डच्या गाला रात्रीही. फक्त तो गडद हवा, म्हणजे काळा, नेव्ही ब्लू किंवा कोळशासारखा करडा. बेज किंवा फिका निळा सूट दुपारच्या समारंभाचा वाटतो आणि रात्रीच्या दिव्यांत उघडा पडतो.

महागड्या सूटपेक्षा मापाचा सूट चांगला दिसतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर दिसला पाहिजे. टायचं टोक बेल्टच्या बकलपर्यंत यावं. कोटाचं सगळ्यात खालचं बटण लावायचं नाही, आणि बसताना वरचंही सोडायचं, नाहीतर पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात आणि बटणावर ताण येतो. घरून निघायच्या दोन आठवडे आधी सूट घालून पाहा. गेल्या समारंभाला बसलेली पँट या वेळी बसेलच असं नाही, आणि कंबर सैल करायला शिंप्याला वेळ लागतो.

टक्सिडो नेणारच असेन, तर काय काय घ्यावं?

एक वस्तू राहिली की सगळी जुळणी बिघडते, म्हणून हे नीट वाचा. साटनच्या लेपलचा, म्हणजे गळ्याजवळ बाहेर दुमडलेल्या कडांचा कोट. बाजूला साटनची पट्टी असलेली पँट. पांढरा शर्ट, ज्याला समोर बटणांऐवजी स्टड, म्हणजे सुट्या शोभेच्या गुंड्या लागतात आणि दुमडलेल्या कफला कफलिंक. काळी बो टाय. कमरेला कमरबंद, म्हणजे चुण्यांचा रुंद कापडी पट्टा, किंवा खोल गळ्याचा वेस्टकोट, दोन्ही एकदम नाही. काळे चकचकीत बूट आणि लांब काळे मोजे, बसल्यावर पोटरी दिसता कामा नये.

टक्सिडोच्या पँटवर बेल्ट घालत नाहीत. कमरबंदाच्या चुण्या वरच्या दिशेने उघडतात, उलटा बांधला तर जाणकारांच्या लगेच लक्षात येतं. हमखास विसरल्या जाणाऱ्या वस्तू म्हणजे स्टड आणि कफलिंक. त्या एका छोट्या डबीत घालून डबी कोटाच्याच खिशात ठेवा.

एकाच सफरीसाठी टक्सिडो विकत घेऊ नका. काही कंपन्यांमार्फत तो भाड्याने मिळतो आणि थेट केबिनमध्ये येतो. मात्र मापं निघण्याच्या काही आठवडे आधी द्यावी लागतात. छाती, कंबर, बाही आणि आतल्या पायाची लांबी दुसऱ्याकडून मोजून घ्या. स्वतः वाकून मोजलेली पायाची लांबी हमखास चुकते.

बो टाय कशी बांधायची?

हुकची तयार बो टायसुद्धा चालते. पण बांधलेली जास्त खुलते, आणि पाच-सहा वेळा सराव केला की जमतेच.

1. टाय गळ्याभोवती टाका. एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण 4 सेंटिमीटर लांब ठेवा.
2. लांब टोक आखूड टोकावरून आडवं नेऊन खालून गळ्याजवळ वर काढा आणि गाठ आवळा. लांब टोक खांद्यावर टाकून ठेवा.
3. आखूड टोक रुंद भागावर दुमडून आडवं धरा. ही बोची पुढची बाजू.
4. लांब टोक तिच्या बरोबर मधोमध पुढून खाली सोडा.
5. आता लांब टोकही दुमडा आणि दुमडलेली कड पुढच्या बोच्या मागून, मधल्या फटीतून सारा.
6. दोन्ही बाजूंच्या दुमडलेल्या कडा धरून हळूच ओढा. मोकळी टोकं ओढलीत तर गाठ सुटेल.

बहुतेकांचं अडतं ते पाचव्या पायरीवर, कारण फट दिसत नाही. ती पुढच्या बोच्या पाठीमागे, पहिल्या गाठीच्या समोर असते. आरशात शोधण्यापेक्षा बोटाने चाचपा. शेवटी बो किंचित वाकडी राहिली तर राहू द्या, हाताने बांधलेली आहे हे त्यावरूनच कळतं.

स्त्रियांनी जमिनीपर्यंतचा गाऊनच घालायला हवा का?

नाही. गुडघ्यापर्यंतचा कॉकटेल ड्रेस, चांगल्या कापडाचा जंपसूट, रुंद पायांची पँट आणि चमकदार टॉप, हे सगळं फॉर्मल रात्री बसतं. लांबीपेक्षा कापडाला महत्त्व आहे. जर्सी, क्रेप, विणीचं पॉलिस्टर बॅगेतून काढून लगेच घालता येतं. लिनन आणि टॅफेटा मात्र चुरगळून येतं आणि जहाजावर ते सरळ करणं सोपं नाही, ते पुढे सांगतोच. टिकल्यांचं काम असलेला ड्रेस उलटा करून मऊ पिशवीत ठेवा, नाहीतर टिकल्या बाकीच्या कपड्यांत अडकून धागे ओढतात.

दोन खास रात्रींसाठी दोन वेगळे ड्रेस नेलेच पाहिजेत असंही नाही. एक साधा गडद ड्रेस, एक भरजरी जॅकेट, एक मोठा स्टोल आणि दागिन्यांचे दोन संच घेतलेत तर तोच ड्रेस दोन रात्री वेगळा दिसतो.

स्टोल किंवा पातळ श्रग हवाच. उष्ण समुद्रातल्या सफरीतही डायनिंग रूम वातानुकूलित आणि चांगलीच गार असते, आणि जेवण दीड-दोन तास चालतं. बिनबाह्यांचा ड्रेस घातलेल्यांना दुसऱ्या पदार्थापर्यंत हुडहुडी भरते.

उंच टाचा चालतील का?

चालतील, पण जहाज हलतं हे धरून निवडा. 5 ते 6 सेंटिमीटरची रुंद टाच सगळ्यात बरी. पेन्सिलसारखी बारीक टाच दोन ठिकाणी दगा देते, एक डेकच्या लाकडी फळ्यांमधल्या खाचेत आणि दुसरं जाड गालिच्यावर. समुद्र खवळलेला असेल तर जिन्यावर ती धोक्याचीच. मागे पट्टा असलेले सँडल घ्या, पाय घसरत नाही. त्या रात्री वारा जास्त असेल तर सपाट चपलांची जोडी पर्समध्ये टाका. जहाजावर केबिनपासून डायनिंग रूमपर्यंत दोन-अडीचशे मीटर चालणं सहज होतं.

नवे बूट घरात किमान तीन-चार वेळा घालून सैल करून घ्या. हे पुरुषांनाही लागू.

जीन्स, शॉर्ट्स, टी-शर्ट?

न फाटलेली गडद जीन्स बऱ्याच जहाजांवर साध्या रात्री चालते, फॉर्मल रात्री नाही. शॉर्ट्सबाबत कंपन्यांची मतं वेगवेगळी आहेत. कार्निव्हलच्या साध्या रात्री चांगल्या शॉर्ट्स चालतात, व्यायामाच्या नाहीत. एलिगंट रात्री शॉर्ट्स, टी-शर्ट आणि टोपी तिन्ही बाहेर. मुख्य डायनिंग रूममध्ये जवळपास कुठेच न चालणाऱ्या गोष्टी म्हणजे पोहण्याचे कपडे, आंघोळीचा गाऊन, अनवाणी पाय आणि पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियन. एक पूर्ण लांबीची पँट आणि एक कॉलरचा शर्ट जवळ असेल तर साध्या रात्री कुठेही अडत नाही.

आपापला पारंपरिक पोशाख चालतो का?

हो, आणि त्याचं स्वागतच होतं. किल्ट, किमोनो, साडी, शेरवानी हे फॉर्मल पोशाख म्हणूनच धरले जातात. लोंबणारा पदर किंवा ओढणी मात्र पिनेने पक्की करा. उघड्या डेकचं दार उघडताना वारा असा आत घुसतो की सैल कापड दारातच अडकतं.

मुलांचं काय?

मोठ्यांइतकी सक्ती नसते. मुलाला कॉलरचा शर्ट आणि पँट, मुलीला ड्रेस, एवढं पुरे. कोट नेऊ नका, पहिल्या पंधरा मिनिटांत तो खुर्चीच्या पाठीवर जातो. डिस्नेच्या अनेक सफरींत समुद्री चाच्यांची रात्र असते, ती मुलं आठवडाभर डोळ्यांसमोर ठेवून असतात. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि डोक्याला फडकं घरूनच न्या.

पहिल्या संध्याकाळी बॅग आली नाही तर?

असं होतंच, आणि यात कुणाची चूक नसते. बंदरावर हमालाकडे दिलेल्या हजारो बॅगा तपासून, लिफ्टने वर आणून केबिनगणिक वाटायच्या असतात. लवकरची जेवणाची पाळी साधारण साडेपाच-सहाला सुरू होते आणि बॅग कधी त्यानंतर येते. म्हणून हातातल्या बॅगेत एक कॉलरचा शर्ट किंवा न चुरगळणारा ड्रेस, आतले कपडे आणि औषधं ठेवा. अंगावरची पँट आणि बूट जेवणाला चालतील असेच घालून जहाजावर चढा, म्हणजे फक्त वरचा कपडा बदलावा लागेल. सूट किंवा गाऊन कपड्यांच्या लांब पिशवीत घालून हातानेच नेला तर आणखी उत्तम.

केबिनमध्ये इस्त्री करता येते का?

नाही. इस्त्री आणि कपड्यांना वाफ देणारं यंत्र, दोन्हींवर जवळपास सगळ्या जहाजांवर बंदी आहे. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, त्यामुळे हा नियम कुणासाठी वाकत नाही. बॅग स्कॅनरमधून जाताना ही यंत्रं दिसतात, ती काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. वर ती बॅग सोडवून घेण्यात पहिली संध्याकाळ जाते.

काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते. क्युनार्ड, प्रिन्सेस, डिस्ने यांच्याकडे ती सोय आहे, रॉयल कॅरिबियनवर नाही. फॉर्मल रात्रीच्या दुपारी तिथे रांग लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी लवकर जा. दुसरा मार्ग म्हणजे पैसे देऊन इस्त्री करून घेणं. पहिल्याच दिवशी कपडे केबिन स्ट्यूअर्डकडे, म्हणजे तुमच्या केबिनची देखभाल करणाऱ्याकडे द्या.

घरगुती उपाय असा. केबिनमध्ये पाऊल टाकताच कपडे हँगरला लावा. न्हाणीघरात कडक पाण्याचा शॉवर सोडून दार बंद करा आणि कपडा 10 ते 15 मिनिटं वाफेत टांगा. पाण्याचे थेंब उडणार नाहीत इतका लांब. मग ओलसर तळव्याने वरून खाली हात फिरवा. बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे दोन-चार हुक नेलेत तर टांगायला जागा वाढते.

कोट न चुरगळता बॅगेत कसा भरायचा?

कोट समोर धरा. डावा खांदा पूर्ण उलटा करा, म्हणजे अस्तर बाहेर येईल. उजवा खांदा न उलटता त्या उलट्या खांद्याच्या आत बसवा. लेपल एकावर एक येतील आणि कोट उभा अर्धा झाला की बाहेर सगळीकडे अस्तर दिसेल. खांद्याच्या आत मोज्यांची एक मऊ गुंडाळी ठेवा. मग कोट ड्रायक्लीनरच्या पातळ प्लास्टिकमध्ये घालून आडवा एकदाच दुमडा. प्लास्टिकमुळे कापड कापडावर घासत नाही, घडी सरकत राहते आणि पक्की बसत नाही. हा कोट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. बूट तळाशी, चाकांच्या बाजूला.

सात रात्रींसाठी नेमके किती कपडे?

पुरुष: एक गडद सूट, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट, तीन कॉलरचे साधे शर्ट, सूटशिवाय आणखी एक पँट, एक टाय, काळा पट्टा, काळे चामडी बूट. सूटचा कोट साध्या पँटवरही घालता येतो, ती मधल्या पायरीची सोय झाली.

स्त्रिया: खास रात्रींसाठी एक किंवा दोन ड्रेस, एक काळी पँट, तीन-चार टॉप, एक साधा ड्रेस, स्टोल, दोन जोड चपला.

याहून जास्त नेलेलं बहुधा तसंच घडी न मोडता परत येतं. तोच शर्ट दोनदा घातला तर कुणी मोजत बसत नाही.

पोशाख चुकला तर दारावरून परत पाठवतात का?

कंपनीवर आणि दारावरच्या माणसावर अवलंबून आहे. फॉर्मल रात्री कॉलरचा शर्ट आणि पँट घातलेल्याला बऱ्याच जहाजांवर आत घेतात. शॉर्ट्स किंवा पोहण्याचे कपडे असतील तर बदलून या किंवा बुफेत जा असं शांतपणे सांगतात. त्या माणसाशी वाद घालू नका, नियम त्याने केलेला नाही. काही ठिकाणी उसना कोट मिळतो, विचारायला हरकत नाही.

अजिबात नटायचं नसेल तर?

बुफे किंवा केबिनमध्ये मागवलेलं जेवण. दोन्हीकडे पोट भरतं. फक्त ज्या जहाजांवर नियम संध्याकाळभर बाहेरही लागू असतो, तिथे त्या रात्री मुख्य बार आणि नाचाच्या दालनात साध्या कपड्यांत जाता येत नाही.

जेवताना डाग पडला तर?

चोळू नका. रुमाल किंवा नॅपकिन दाबून ओल टिपून घ्या, मग वेटरकडून साधा सोडा मागून थोडा थोडा लावत परत टिपा. रेशमावर पाणीसुद्धा लावू नका, त्याचाच डाग उमटतो. ते फक्त टिपा आणि तसंच धुलाईला द्या. तेलकट डागावर केबिनमध्ये टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा.

शेवटच्या रात्रीसाठी काही वेगळं लक्षात ठेवायचं?

त्या रात्री बॅगा साधारण दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, आणि मग त्या थेट किनाऱ्यावरच मिळतात. जेवणाचे कपडे बॅगेत भरायचे राहून जातात, किंवा उलट, सकाळी घालायची पँट बॅगेबरोबर निघून जाते. बॅग बंद करण्याआधी सकाळचा पूर्ण पोशाख, आतल्या कपड्यांपासून बुटांपर्यंत, खुर्चीवर काढून ठेवा. रात्री जेवायला जाताना सकाळीही चालेल अशीच पँट घाला, म्हणजे रात्रीचा फक्त एक शर्ट हातातल्या बॅगेत जाईल.